अवसेचा आकडा

आकारामनं दांडीवरचं सरकतं वजन बोटानं एक खूण मागे घेतलं, दांडी स्थिर व्हायची वाट पाहिली आणि आकडा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लालासाहेब हमाल दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर पोतं नव्हतं. डोक्याचं फडकं सोडून त्यानं हातात धरलं होतं.

"आकाराम, घराकडं चल," लालासाहेब म्हणाला.

आकारामनं मान हलवली आणि आधी आकडा म्हटला. काट्यावर हळदीचं पोतं होतं. पोत्याचा शेतकरी समोर उकिडवा बसून दांडीकडं बघत होता. तोलारानं दांडीला हात लावला की आकडा म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही, आणि एकदा मोठ्यानं म्हटलेला आकडा मागे घ्यायचा नाही, ही सांगलीच्या पेठेची रीत होती. रिकाम्या पोत्याचं वजन मनातल्या मनात वजा करून त्यानं आकडा सांगितला. आतून मेहताजीनं तो परत म्हटला. शेतकऱ्यानं मान डोलावली. मग आकारामनं लालासाहेबाकडं पाहिलं.

"वैनींचं बरं न्हाई झालं," लालासाहेब म्हणाला. फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "गेल्या त्या. दवाखान्यापतोर न्हेल्या, पर वाटंतच."

आकारामनं सरकतं वजन शून्यावर आणून ठेवलं. दुकानाचे मालक नानासो गादीवरून उठून उभे राहिले. लालासाहेब पुढं आणि आकाराम मागं असे ते पेठेतून निघाले. हळदीचा हंगाम होता. दोन्ही बाजूंनी पोती उतरत होती आणि दुसऱ्या दुकानांचे तोलार आपापले आकडे ओरडत होते.

घरी, पेठेमागच्या चाळीत, हरणाबाईला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी पाण्याची घागर उतरवताना तिनं डोकं दुखतंय म्हणून चौकट धरली. मग तोंड एका बाजूला गेलं आणि बोलणं थांबलं. शेजारच्या हाजराबीनं नवऱ्याला, रसूलला, हाक मारून टांगा आणवला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलं. एवढंच म्हणाले.

बायका सवाष्णीची तयारी करत होत्या. कुंकवाची डबी सापडली, हळदीची सापडेना. थोरली मुलगी बनू फळीवरचे डबे उघडून बघत होती. आकाराम दारात उभा होता. चाळीतल्या म्हाताऱ्या अंबूबाईनं त्याच्या हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत पिवळे होते.

"ऱ्हाऊ दे गं डबा," ती म्हणाली. "त्येच्या हातालाच हाय की. लाव बाबा."

त्यानं लावली.

*

हरणाबाई त्याच्या मामाची मुलगी. दोघंही माणातले, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतले. तिथले निम्मे पुरुष मुंबईला जात. आकाराम सांगलीला आला, आधी हमाली केली, मग आवाज मोठा आणि आकडे पक्के म्हणून नानासोंनी त्याला काट्यावर घेतलं. लग्न होऊन आली तेव्हा हरणाबाई नावासारखीच होती. माणात मेंढरं, माणसं आणि पिकं सगळीच किरकोळ अंगाची. सांगलीत पाणी होतं, भात होता, दुकानातून फुटक्या ढेपांचा गूळ घरी यायचा. एकेका बाळंतपणानं तिचं अंग सुटत गेलं. दुष्काळाच्या साली तिची आई, चंद्राबाई, जगायला म्हणून लेकीकडं येऊन राहिली, तेव्हा ती चाळीतल्या बायकांना लेकीचा दंड धरून दाखवायची. म्हणायची, मुलुखात माणसं खडी फोडून वाळून चालली, पण माझ्या लेकीकडं बघा. भाच्यानं कसं ठेवलंय बघा.

त्याच साली चौथं मूल झालं. ते बाळंतपण जड गेलं आणि हरणाबाईनं ठरवलं, आता बास. ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी लूप बसवला. महिनाभर अंगावरून जात राहिलं, तेव्हा तो काढावा लागला. मग गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मूल राहिलं नाही, पण वर्षाच्या आत दोन चोळ्या उसवाव्या लागल्या आणि डोकं दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि गोळ्या बंद केल्या. ऑपरेशन करून टाकू, पण या वजनात आणि या दाबात भूल द्यायला नको, म्हणाल्या. सत्तर किलोवर ये, मग बघू. शिबिरात नंबर लावते.

हे सगळं हरणाबाईनं घरी येऊन भाकरी थापता थापता सांगितलं. आकाराम जेवत होता.

"आनी एक म्हनत हुत्या," ती म्हणाली. "बायकूचं जड असंल तर नवऱ्याचं करा. सकाळी जायाचं, दुपारी घरी."

"वजनं उचलायचं काम हाय आपलं."

"तुमी कुटं उचलता? हमाल उचलत्यात. तुमी नुसता आकडा वरडता."

"बघू."

"बैलाला ठेचत्यात तवा त्याला कोन इचारतंय?" ती तव्याकडं बघत म्हणाली. "आन् त्यो तर पुढं मरस्तोवर वढतोय."

आकारामला हसू आलं. तिलाही आलं. विषय तिथंच थांबला.

निरोध पेठेतल्या पानाच्या दुकानात मिळायचा. दुकानदार आकारामला नावानं ओळखत होता आणि दुकानापुढं हमाल बसलेले असत. आकाराम दोनदा तिथपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा तंबाखू घेऊन परत आला. शेवटी त्यानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. हरणाबाईनं ते पाहिलं. चार दिवसांनी तिनं विचारलं, "वजन कशावर करायचं?"

*

अवसेला पेठ बंद असायची. लिलाव नाही, हमाली नाही. त्या दिवशी तोलारानं दुकानात जाऊन काटा झाडायचा, खिळीला तेल द्यायचं आणि लोखंडी मापं ठेवून काटा बरोबर आहे की नाही बघायचं. कार्तिकातल्या अवसेला आकारामनं ते काम उरकलं आणि हरणाबाईला बोलावलं. ती मागच्या दारानं आली. पायातल्या चपला काढून, देवळात चढावं तशी काट्याच्या फळीवर चढली. फळीवर हळदीची भुकटी होती, तिचे तळवे पिवळे झाले.

"चढलं पोतं," ती म्हणाली. "म्हेताजीला बोलवा ल्ह्याला."

तिला आकडे वाचता येत नव्हते. ती दांडीकडं बघतच नव्हती, त्याच्या तोंडाकडं बघत होती. दांडी अठ्ठ्याहत्तरावर थांबली. त्यानं अठ्ठ्याहत्तर सांगितलं.

तिनं मनात काहीतरी कमी धरलं होतं, हे त्याला दिसलं. ती उतरली, चपला घातल्या आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटे उठून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायला सुरुवात केली. भात पोरांच्या ताटात गेला. चहातला गूळ गेला. भाकरी अर्धी झाली. चाळीतल्या बायकांनी चेष्टा केली. हरणी आता रानात पळणार म्हणाल्या. तीही हसली. पुढच्या अवसेला ती पुन्हा फळीवर उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडं बघू लागली. वर्षाची हळद काट्यावर चढली की शेतकरी बघतो, तसंच बघत होती. दांडी अठ्ठ्याहत्तरावरच थांबली.

आकारामनं तिच्याकडं पाहिलं. पायात चांदीचे तोडे होते, अंगावर नऊवारी होती, हातात बांगड्या होत्या. पोत्यासकट माल कुणी मोजत नाही. पोतं वजा करून आकडा सांगायचा असतो. त्यानं वजा केलं.

"शहात्तर," तो म्हणाला.

"खरं?"

"काटा हाय ह्यो."

ती इतकी खूष झाली की फळीवरून उतरायची विसरली. त्या दिवशी तिनं घरी जाऊन पोरांना शेंगदाण्याची पोळी केली आणि स्वतः एकसुद्धा खाल्ली नाही.

पुढच्या अवसेला दांडी किलोभर खाली आली होती. पण शहात्तर म्हणून झालं होतं. म्हटलेला आकडा मागे घ्यायचा नाही, तर पुढचा त्याच्या खालीच हवा. त्यानं त्र्याहत्तर सांगितलं. असं करण्यात त्याला फारसं वावगं वाटलं नाही. आकडा ऐकला की माणसाला हुरूप येतो, हुरुपानं माणूस चालतो, चाललं की वजन उतरतं. म्हणजे आज सांगितलेला आकडा महिन्या-दोन महिन्यांनी खरा होणारच होता. तो जरा आधी सांगत होता, एवढंच. दवाखान्यातला काटा वेगळा आकडा दाखवील, याचाही त्यानं विचार केला होता. काट्याकाट्यात फरक असतो, असं तो म्हणणार होता. पेठेत असं रोज कुणीतरी म्हणतं.

माघातल्या अवसेला दांडी पंच्याहत्तरावर थांबली आणि त्यानं सत्तर सांगितलं.

हरणाबाई फळीवरून उतरली. पदरानं तळवे पुसले. "झालं म्हना की," ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तर बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण नव्हतं. हरणाबाईनं ते आतल्या खोलीत, नेहमीच्या जागी घातलं होतं.

"शिबिराला नाव घालते आन् मोकळी हुते," ती चुलीशी बसून म्हणाली. "भायेर लय डास हायत. उगं कशाला?"

आकारामला खरा आकडा ठाऊक होता. त्यानं हात-पाय धुतले, जेवला आणि आत जाऊन झोपला.

आठवड्यानं तिनं सांगितलं की डॉक्टरीणबाई रजेवर आहेत, शिबिर पुढं गेलं. आकारामच्या मनावरचं ओझं उतरलं. काट्याकाट्यातल्या फरकाचं बोलायची वेळ आली नाही.

त्यानंतर तिचं खाणं फारच कमी झालं. एकादशी होतीच, त्यात संकष्टी आली, गुरुवार आला, शनिवार आला, आणि उपासाला शाबूसुद्धा नाही. आकारामनं एकदा विचारलं की आता कशाला एवढं? तर म्हणाली, शिबिर होईपर्यंत वाढायला नको. ते त्याला पटलं.

शिमग्याला चंद्राबाई माणातून आली. लेकीला दारात बघून तिनं बोचकं खाली टाकलं.

"आकारामा, खायला घालतोस का न्हाई हिला?"

"ती खाईना तर मी काय करू, मामी?"

"दुस्काळात भरली हुती. आता पिकलं तर वाळली. वाडीतलं लोक काय म्हनतील? सांगलीला दिली आन् उपाशी मारली?"

"आये, दवाखान्यातनं सांगितलंय," हरणाबाई म्हणाली.

"दवाखान्याचं काय जातंय. पोटाला मीठ-भाकर देऊ नका म्हनून सांगनारा कसला त्यो डागदर?"

हरणाबाई हसली आणि आईसाठी पुरणपोळीवर तूप घातलं. चंद्राबाई आठ दिवस राहिली आणि रोज लेकीच्या ताटात बळंच काहीतरी वाढत राहिली. हरणाबाई ते पोरांच्या ताटात सरकवत राहिली.

फाल्गुनातल्या अवसेला आकारामनं पुन्हा सत्तरच सांगितलं. तेव्हा दांडी बहात्तरावर होती.

मग चैत्रातली अवस आली. उन्हं लवकर चढली होती. पेठेत कुत्रीसुद्धा सावलीला पडली होती. आकारामनं काटा झाडला, मापं ठेवून बघितली. हरणाबाई फळीवर चढली. त्यानं सरकतं वजन लावलं, दांडी खाली बसली. त्यानं ते मागे घेतलं, आणखी मागे घेतलं, तेव्हा दांडी समतोल झाली. त्यानं खूण बघितली. फडक्यानं दांडी पुसून परत बघितली. सत्तर होतं. नऊवारीसकट, तोड्यांसकट, बांगड्यांसकट सत्तर. काही वजा करायचं नव्हतं.

त्याला इतकं बरं वाटलं की हसू दाबायला त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"किती?" ती म्हणाली.

"सत्तर."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तेवढंच?"

"तेवढंच."

ती उतरली. चपला घालताना तिनं काट्याच्या खांबाला हात लावून तोल सावरला. घरी जाताना ती पुढं आणि तो मागं चालत होता. तिची पाठ आता पाठीसारखी दिसत होती, पदर सैल पडत होता. आकारामला मोकळं वाटत होतं. शिबिर कधी आहे म्हणून त्यानं विचारलं. होईल, ती म्हणाली. पुढच्या अवसेला काटा सत्तराच्या खाली आला की मागचं सगळं हसत हसत सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. तेव्हा ती त्याला बैलावरून काहीतरी बोलणार, हेही त्याला ठाऊक होतं.

वैशाख लागला त्याच आठवड्यात ती गेली.

*

तेरावा झाल्यावर माणातली माणसं परत गेली. चंद्राबाई पोरांसाठी थांबली. ती आता आकारामशी फारसं बोलत नव्हती. दुपारी भिंतीला टेकून बसायची आणि येईल त्या बाईला सांगायची, वाळवून वाळवून घालवली माझी लेक. आकाराम ते ऐकून पेठेत जायचा.

एका सकाळी दळणासाठी ज्वारी काढताना चंद्राबाईला डब्याच्या तळाशी एक पाकीट सापडलं.

"ताकदीच्या गोळ्या दिसत्यात," ती म्हणाली. "बघ, डागदरनंबी ताकदीचं दिलं हुतं. म्हंजी ताकद न्हवती म्हनून की."

आकारामनं पाकीट हातात घेतलं. निम्म्या गोळ्या संपल्या होत्या. या गोळ्या त्याला माहीत होत्या, वर्षभर फळीवर देवाच्या तसबिरीमागं असायच्या. त्यानं पाकीट खिशात घातलं आणि बाहेर आला.

हाजराबी आपल्या दारात बसून फाटकी पोती शिवत होती. रसूल पेठेतली फाटकी पोती गोळा करून आणायचा आणि नवरा-बायको ती शिवून परत विकायची. आकारामला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यानं पाकीट पुढं केलं.

हाजराबीनं दाभण पोत्यात टोचून ठेवलं.

"माज्याकडच्याच हायत, दादा," ती म्हणाली. "मीच दिल्या."

तो उंबऱ्याशी, शिवलेल्या पोत्यांच्या थप्पीवर बसला. हाजराबीनं सुरुवातीपासून सांगितलं. मध्ये थांबली नाही, रडलीही नाही. जणू हे कधीतरी सांगावं लागणार म्हणून मनात लावून ठेवलं होतं.

माघातली अवस झाल्यावर हरणाबाई दवाखान्यात गेली होती. हाजराबी स्वतःच्या गोळ्या आणायला तिच्याबरोबर होती. डॉक्टरीणबाई रजेवर नव्हत्या. नर्सनं हरणाबाईला काट्यावर उभं केलं आणि पंच्याहत्तर सांगितलं. हरणाबाई म्हणाली, काटा बिघडलाय तुमचा. माझा माणूस सगळ्या पेठेचं वजन करतो, त्यानं सत्तर सांगितलंय. नर्स हसली. शेजारच्या खोलीतून दुसरा काटा आणून तिनं पुन्हा बघितलं. पंच्याहत्तरच होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या. अंदाजानं येऊ नकोस, सत्तर झाल्यावरच ये, म्हणाल्या. आणि नवऱ्याला घेऊन का येत नाहीस, असंही म्हणाल्या.

"येताना घाटापतोर बोललीच न्हाई," हाजराबी म्हणाली. "मग म्हनली, भाभी, माज्या मानसानं आकडा कमी सांगितला. पोत्याला कवा कमी सांगत न्हाई. मला सांगितला. आन् हसली."

आकाराम पोत्याची शिवण बघत होता.

"मला का बोलली न्हाई?"

"मीबी त्येच म्हनले, दादा. तर मलाच म्हनली, तोलाराला तुजा आकडा खोटा म्हनायचं व्हय? त्येच्या तोंडावर?"

समोरून अंबूबाई कळशी घेऊन गेली.

"हातरूण आत आलं हुतं," हाजराबी खाली बघून म्हणाली. "परत भायेर टाकायचं तर कारन सांगावं लागतंय. कारन सांगितलं की आकडा निघतोय. तुमी त्ये निरोधबिरोध आनत न्हवता. त्यात तिची पाळी लांबली, लय भ्याली. आली तवा मग तिनं माज्याकडं गोळ्या मागितल्या. मी नको म्हनत हुते. तुला दाब हाय म्हनले. तर म्हनली, दोनच म्हयनं. तवर मी खरंच सत्तरवर येते, त्येंचा आकडा खरा करते आन् मग जाते शिबिराला."

तिनं दाभण उपटलं आणि परत टोचलं.

"गोळ्यांनीच झालं का हो, दादा?"

"डॉक्टर तसं काय बोललं न्हाईत."

"मी दिल्या नसत्या तर?"

"तू दिल्या नसत्यास तर तिनं दुसरीकडनं आनल्या असत्या," आकाराम म्हणाला. ते खरं होतं की नाही, त्याला माहीत नव्हतं.

तो उठला. मग उभ्याउभ्याच त्यानं विचारलं, "चैत्राच्या अवसेला काय म्हनली का?"

"त्या सांजंला हितंच बसली हुती. तुमी आता बसला हुता तितं. म्हनली, आजबी सत्तरच म्हनलं. म्हंजे ह्या म्हयन्यात काय उतरलं न्हाई, भाभी. उतरलं असतं तर आनी काय तरी कमी म्हनलं असतं की. मी म्हनले, दवाखान्यात जाऊन बघ एकदा. तर म्हनली, नको, डॉक्टरीणबाई परत रागावतील. आनी एक म्हयना घेते गोळ्या."

आकारामनं मान हलवली. पाकीट त्यानं तिच्याकडं दिलं नाही, फेकलंही नाही. परत खिशात घातलं आणि पेठेत गेला. त्या दिवशी हळदीची आवक मोठी होती. त्यानं संध्याकाळपर्यंत आकडे सांगितले. मेहताजी म्हणाला, आज आवाज बसलाय तुमचा. त्यानं पाणी पिऊन घेतलं.

*

वैशाखातल्या अवसेला पेठ बंद होती. चंद्राबाईनं त्याला निघताना बघितलं.

"आज कुटं?"

"काटा झाडायचाय."

"सांजच्याला लवकर ये. बारकं पोरगं तुज्याबिगर झोपत न्हाई," ती म्हणाली. तेरावा झाल्यापासून टोमणा न मारता ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

त्यानं दुकान उघडलं. फळीवरची भुकटी झाडली. खिळीला तेल दिलं. कोपऱ्यातली लोखंडी मापं एक एक करून उचलली आणि फळीवर ठेवली. सरकतं वजन लावलं. दांडी हलली आणि थांबली. त्यानं खूण बघितली. दुसरी मापं ठेवून पुन्हा बघितली. मग मापं उतरवून कोपऱ्यात परत ठेवली आणि मागचं दार लावून घेतलं.

काटा बरोबर होता. चैत्रातही बरोबर होता. त्या दिवशीचा आकडा खरा होता, एवढं तिला सांगायचं राहिलं.